चौबळांचा फोन

"उचल आणि ठेव खाली," यास्मिनताई म्हणाली. तिच्या दातांत धागा होता. ओढणीची निघालेली किनार ती शिवत बसली होती.

फोनच्या छोट्या पट्टीवर नंबर उमटला होता. तो आम्हा दोघींना पाठ होता. सकाळचे साडेअकरा झाले होते, मार्चचा महिना. पत्र्याच्या छपराखालची आमची खोली तापायला लागली होती.

मी रिसीव्हर उचलला. "नमस्कार, उन्नती एलिव्हेटर्स, तक्रार विभाग..."

"नमस्कार गेला खड्ड्यात! ती तुमची डबडी पुन्हा बंद पडलीय. लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला? फुकटचे पगार खाता आणि..."

"हो सर, बोला. ऐकतेय," मी म्हटलं, आणि रिसीव्हर टेबलावर ठेवून दिला.

तिथून त्यांचा आवाज यायचा, पण शब्द कळायचे नाहीत. मी आदल्या दिवशीच्या तक्रारी रजिस्टरमधून कॉम्प्युटरवर चढवत होते. तेच काम पुढे चालू ठेवलं. यास्मिनताईनं धागा तोडला, सुई पर्समध्ये ठेवली आणि विचारलं, "किती झाले?"

मी घड्याळ पाहिलं. "तीन मिनिटं."

"आज जोर आहे म्हाताऱ्याला."

आम्ही दोघी हसलो.

चार मिनिटांनी मी रिसीव्हर कानाला लावला. "नोंद झाली सर, माणूस निघालाय" असं म्हणायचं होतं. पण पलीकडून फोन बंद झाला होता. मी तो जागेवर ठेवला. लगेच पुन्हा वाजला. तोच नंबर.

"वाजू दे," यास्मिनताई म्हणाली.

मी वाजू दिला. रजिस्टरमध्ये लिहिलं, मल्हार हाइट्स, लिफ्ट बंद. त्या दिवसाच्या यादीत ती सहावी तक्रार होती. आमचे दोन्ही मेकॅनिक, गांगुर्डे आणि त्याचा जोडीदार, सकाळपासून द्वारका चौकाजवळच्या एका मंगल कार्यालयाच्या लिफ्टवर अडकले होते. तिथून सुटल्यावर दुसरी, तिसरी, असं करत सहावीपर्यंत येणार होते. म्हणजे संध्याकाळ.

हे घडलं त्याला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत या लिफ्ट कंपनीचं वर्कशॉप होतं आणि मागच्या अंगाला तक्रारीची खोली. दोन टेबलं, दोन फोन, एक कॉम्प्युटर. शहरातल्या ऐंशी-पंच्याऐंशी इमारतींच्या लिफ्ट आमच्याकडे देखभालीला होत्या. एवढ्या सगळ्यांना माणसं दोन. मालक भालेरावसाहेबांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, "बोराडे मॅडम, कुणाचाही फोन आला तरी एकच सांगायचं. माणूस निघालाय, वीस मिनिटांत पोचतो."

"पण माणूस निघाला नसेल तर?"

"तर तो निघेपर्यंत लोक शांत राहतील."

लोक शांत राहायचे नाहीत. वीस मिनिटांनी पुन्हा फोन यायचा आणि त्या माणसाच्या वाट्याच्या शिव्या मी खायचे. मल्हार हाइट्सचे चेअरमन चौबळ म्हणजे तर कहर होता. पाटबंधारे खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांच्या लिफ्टच्या दाराचं कुलूप खराब होतं. ते बदलायला हवं होतं, पण भालेरावसाहेब दर वेळी घासून पुसून तेच बसवायला लावायचे. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी लिफ्ट मध्येच थांबायची आणि चौबळांचा फोन यायचा. ते कधी कुणाचं नाव विचारत नसत, सुरुवातच वरच्या पट्टीत. माझ्या नोकरीच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "तुझ्या बापानं तुला शाळेत पाठवलं होतं की गुरांमागं?" मी संडासात जाऊन रडले. माझे वडील शाळेतच शिपाई होते.

तेव्हा यास्मिनताईनं मला ती रीत शिकवली. "कानाला लावायचाच नाही. ठेवून द्यायचा टेबलावर. त्यांना बोलून मोकळं व्हायचं असतं, आपण ऐकलंच पाहिजे असं थोडंच आहे? शेवटी उचलून नोंद झाली म्हणायचं. तक्रार तर तीच असते ना दर वेळी?"

तक्रार दर वेळी तीच असायची. सहा महिन्यांत एकदाही या रीतीनं माझं काही चुकलं नव्हतं. उलट जेवण जायला लागलं, झोप लागायला लागली. फक्त एक झालं होतं. माझी मुलगी घरी काहीबाही सांगत असायची आणि मी "हं, हं" करत राहायचे. एकदा ती रुसून म्हणाली, "आई, मी आत्ता काय सांगितलं ते सांग." मला सांगता आलं नाही.

बारा वाजता फोन आला. नंबर अनोळखी होता.

"मॅडम, मल्हार हाइट्सचा वॉचमन बोलतोय. तुमचा माणूस कुठपर्यंत आलाय?"

"निघालाय. वीस मिनिटांत..."

"आता नका पाठवू. म्हणजे पाठवा, पण उपयोग नाही. बाई पडल्या."

"कोण बाई?"

"चौबळसाहेबांच्या बाई. त्या आत होत्या ना. दार आम्ही पहारीनं उघडलं, तर लिफ्ट चौथ्या मजल्याच्या वर चार फूट लटकलेली. आम्ही स्टूल आणतोय तोवर बाईंनी उडी टाकली. पाय गेलाय बहुतेक. अँब्युलन्स आलीय." तो थांबला. मग म्हणाला, "त्यांना दमा आहे मॅडम. साहेबांनी सांगितलं नव्हतं का तुम्हाला? माझ्यासमोर किती वेळ फोनवर ओरडत होते."

यास्मिनताई माझ्याकडे बघत होती. मी फोन ठेवला आणि तिला सांगितलं. तिनं तोंडावर हात धरला. मग उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"हेमा, नीट ऐक. लाइन खराब होती. कळलं? आवाज येत नव्हता. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा तू पाणी प्यायला गेली होतीस."

"तू होतीस ना इथं."

"मीही गेले होते."

तिला दोन मुलं होती आणि नवऱ्याचं काम सुटलेलं होतं. मी मान हलवली.

बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. हे दुसऱ्या दिवशी गांगुर्डेनं सांगितलं. तो त्याच संध्याकाळी तिथं जाऊन आला होता. नवं कुलूप घेऊन. सहा महिने जे कुलूप मिळत नव्हतं ते भालेरावसाहेबांनी तीन तासांत मिळवलं होतं.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"चौबळ येतोय अकरा वाजता. पोलिसांत जायचं म्हणतोय. अर्ज टाइप करून ठेवलाय म्हणे. त्याआधी त्याला फोनचं रेकॉर्डिंग ऐकायचंय."

आमच्या खोलीतला प्रत्येक फोन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड व्हायचा. ती सोय कधीतरी बसवून घेतली होती, पण आजवर कुणी काही ऐकल्याचं मला माहीत नव्हतं.

"तुम्ही ऐकलंत का साहेब?" मी विचारलं.

"सुरुवात ऐकली. शिव्याच आहेत नुसत्या. ऐकू दे की त्यालाच त्याचं तोंड." ते पुढे झुकले. "तुम्ही एवढंच म्हणायचं, आवाज येत नव्हता. रेकॉर्डिंगमध्येही 'ऐकतेय' म्हटल्यावर पुढे तुम्ही गप्पच आहात, म्हणजे जुळतंय. लाइन टेलिफोनवाल्यांची, आपली नाही. समजलं?"

"हो साहेब."

"घाबरू नका. मी आहे."

ते खरंच चांगल्या मनानं म्हणाले. तेच मला नंतर जास्त लागलं.

अकराला पाच कमी असताना चौबळ आले. सहा महिने जो आवाज मी ओळखत होते त्यावरून मी त्यांना चांगलं धिप्पाड समजत होते. आले ते एक बुटके, किडकिडीत गृहस्थ. शर्टाचं गळ्याजवळचं बटणही लावलेलं, हातात प्लॅस्टिकची फाइल. डोळे सुजलेले होते. बहुधा हॉस्पिटलातूनच आले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"यांनीच घेतला होता फोन," भालेरावसाहेब म्हणाले. "या बोराडे मॅडम. त्यांचं म्हणणं आहे की त्या दिवशी लाइनवर आवाज..."

"त्यांचं म्हणणं नंतर," चौबळ म्हणाले. "मी सरळ सांगितलं होतं की माझी बायको आत आहे. तिला दमा आहे. पंप घरात राहिलाय. स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं. ते त्या रेकॉर्डिंगमध्ये असणारच. ते ऐकवा, मग बोलू."

साहेबांनी माउस दाबला. स्पीकरमधून माझा आवाज आला. नमस्कार, उन्नती एलिव्हेटर्स. मग त्यांचा.

मी कधीच पूर्ण ऐकला नव्हता असा तो फोन मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पहिलं दीड मिनिट आम्हा सगळ्यांच्या अकलेबद्दल होतं. मग माझ्याबद्दल. मी कुठून उचलून आणलेली आहे, कशी बसल्या जागी फुगत चाललेली आहे. चौबळ फाइलच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. मध्येच एकदा म्हणाले, "हे सगळं नको, पुढे घ्या."

"पूर्णच ऐकू ना," भालेरावसाहेब म्हणाले.

मग ते वाक्य आलं. एकदाच आलं, आणि शिव्यांच्या त्याच लयीत, त्याच पट्टीत. "...माझी बायको आत आहे, दमेकरी आहे, पंप वर राहिलाय, आणि तुम्ही तिथं बसून चहा ढोसताय, निर्लज्ज कुठल्या..."

"ऐकलंत?" चौबळ ताठ बसले. "आलं ना? स्वच्छ आलं ना? आता सांगा मला लाइन खराब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. आता मी बोलायचं होतं. पण रेकॉर्डिंग चालूच होतं. "हॅलो? हॅलो? मेलीस का?" असं ते ओरडत होते, आणि श्वास घ्यायला थांबले तेव्हा मागून काहीतरी आलं. बारीक, लांबून. साहेबांना ते जाणवलंही नसावं. चौबळांचा अंगठा मात्र थांबला.

"मागे घ्या," ते म्हणाले.

"काय?"

"जरा मागे घ्या. आणि आवाज वाढवा."

साहेबांनी मागे घेतलं. पुन्हा "मेलीस का?" आलं, केबिनभर. आणि त्यानंतर ते बारीक बोलणं. बाईचा आवाज होता. भिंतीपलीकडून यावा तसा, प्रत्येक दोन-तीन शब्दांनंतर दम घेणारा.

"अहो... असं नका बोलू... त्या मुलीशी. नीट सांगा. ती ऐकेल."

मग पुन्हा चौबळांचं ओरडणं. मला उद्देशून नव्हतं ते. "तू गप्प बस गं! तुला काय कळतंय, यांना असंच बोलावं लागतं!"

आणि त्यानंतर पुन्हा मला, आणखी वरच्या पट्टीत.

चौबळांनी तिसऱ्यांदा मागे घ्यायला लावलं. चौथ्यांदा साहेबांनी नुसता माउसवर हात ठेवला आणि ते काही बोलतात का याची वाट पाहिली. चौबळ खिडकीच्या जाळीकडे बघत राहिले. वर्कशॉपमध्ये कुणीतरी पत्रा कापत होतं.

"आवाज येत नव्हता हो मॅडमना," भालेरावसाहेब हळूच म्हणाले. "म्हणजे तुमची चूक नाही, त्यांचीही नाही. लाइनच..."

"आवाज येत होता," मी म्हणाले.

साहेबांनी चमकून माझ्याकडे पाहिलं.

"लाइन चांगली होती. मी फोन कानाला लावलाच नव्हता. टेबलावर ठेवला होता."

चौबळांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता ते ओरडतील. मी त्याचीच वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"किती वेळ?" त्यांनी विचारलं.

"चार मिनिटं. मग तुम्ही पुन्हा केलात तेव्हा उचलला नाही."

"नंबर दिसतो तुम्हाला?"

"हो."

"म्हणजे मी आहे हे कळून नाही उचललात."

"हो."

"नेहमी ठेवायचात? टेबलावर?"

"हो."

"सगळ्यांचे?"

मला खोटं बोलता आलं असतं. तेवढं एक खोटं बोलले असते तर कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "नाही. फक्त तुमचा."

त्यांनी मान डोलावली. एखाद्या कागदावरचा आकडा बरोबर निघावा तशी, दोनदा. मग फाइल उचलली, उघडली, अर्ज बाहेर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा आत ठेवला. उठताना त्यांना खुर्चीच्या हाताचा आधार घ्यावा लागला. दारापर्यंत गेले आणि वळून भालेरावसाहेबांना म्हणाले, "ते कुलूप तुम्ही आधी बदलायला हवं होतं."

"हो सर. चूक झाली."

"तुम्हाला मी कधी शिव्या दिल्या नाहीत," चौबळ म्हणाले. "तुम्हाला फोनच केला नाही कधी."

ते गेले. पोलिसांत अर्ज दिला नाही. माझी नोकरी गेली नाही. साहेब दोन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत, मग बोलायला लागले. त्यांना माझी भीती वाटत असावी. मला वाटत होतं, कुणीतरी मला काहीतरी शिक्षा करावी. कुणी काही केलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "त्या माणसानं तसं बोलायला नको होतं. तुझा काय दोष?" आईला सांगितलं तर ती म्हणाली, "अगं पण ती बाई बिचारी." दोघांचंही खरं होतं. मी पुन्हा कुणाला सांगितलं नाही.

मल्हार हाइट्सचे फोन यायचे थांबले नाहीत. कुलूप नवं होतं तरी लिफ्ट जुनीच होती. पण आता चौबळ इतकं हळू बोलायचे की मला कानावर रिसीव्हर दाबून धरावा लागायचा.

"बोराडे मॅडम, चौबळ बोलतोय. पंखा बंद आहे लिफ्टचा. सवडीनं पाठवलंत तरी चालेल."

"सर, जरा मोठ्यानं बोलता का? ऐकू येत नाही."

"पंखा," ते म्हणायचे, तेवढ्याच हळू. "काही घाई नाही."

एकदा यास्मिनताईनं तो फोन घेतला. ठेवल्यावर म्हणाली, "याच्यापेक्षा आधीचं बरं होतं गं." तिनं विनोदानं म्हटलं होतं, पण हसली नाही.

जूनमध्ये असाच फोन आला. पंख्याचं काम झालं होतं, त्याचं सांगून झालं, तरी ते फोन ठेवेनात. मग म्हणाले, "हिला तुम्हाला भेटायचंय. जमेल का एखाद्या रविवारी? जबरदस्ती नाही."

मी मोसंबी घेऊन गेले. लिफ्टनं गेले नाही, पाच मजले चढून गेले. दार चौबळांनीच उघडलं, आणि मला बसवून आत निघून गेले.

नलिनीबाई खिडकीशी उंच खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी चारपायी वॉकर. गोऱ्या, सावकाश बोलणाऱ्या, मध्येच श्वासासाठी थांबणाऱ्या. रेकॉर्डिंगमधला आवाज मी लगेच ओळखला.

"तुम्ही लहान आहात हो," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, मोठ्या असाल."

मी सगळं पाठ करून गेले होते. माझी चूक झाली, मला माफ करा, असं. सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला.

"ते राहू दे. यांनी मला सगळं सांगितलंय. तुम्ही टेबलावर ठेवायचात तेही. रोज सांगतात, जणू मी विसरून जाईन." त्या थांबल्या. "मला एकच विचारायचं होतं. मी बोलले ते तुम्हाला ऐकू आलं होतं का? त्या दिवशी?"

"नाही. रेकॉर्डिंगमध्ये आलं. नंतर."

"काय आलं?"

"असं नका बोलू त्या मुलीशी. नीट सांगा. ती ऐकेल."

त्यांनी डोळे मिटून घेतले. आत स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

"ते पाचव्या मजल्याच्या दाराशी उभे होते, आणि मी खाली, पुरुषभर अंतरावर. मला शब्दन् शब्द ऐकू येत होता. तुम्हाला वाटत असेल मी दमानं घाबरले. सगळ्यांना तसंच वाटतं. पण दमा मला चाळीस वर्षं आहे. अर्धा तास मी काढला असता. शांत बसायचं, नाकानं श्वास घ्यायचा, मला येतं ते." त्यांनी वॉकरच्या दांडीवर हात ठेवला. "पण हे असे बोलत होते, आणि पलीकडून कुणी बोलत नव्हतं. तेव्हा माझ्या मनात आलं, कुणी येणार नाही. असं बोलल्यावर कोण येईल? मी असते तर मी आले असते का? म्हणून खाली वॉचमननं दार फाकवल्याबरोबर मी उडी टाकली. स्टूल आणत होते, दोन मिनिटं थांबायचं होतं नुसतं. पण माझा कुणावर भरवसाच राहिला नव्हता."

मी मोसंब्यांची पिशवी मांडीवर घेऊनच बसले होते.

"तुम्ही रडू नका," त्या म्हणाल्या. "मला आवडणार नाही. मी तुम्हाला माफ केलं असं सांगायला बोलावलं नाही. मला ते येतंय का तेच बघायचं होतं."

"आलं का?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, कुठेतरी आत जाऊन बघून आल्यासारखा.

"सकाळी उठताना पाय खाली टेकवते ना, तेव्हा आधी यांचा राग येतो. मग तुमचा. चहा होईपर्यंत दोन्ही जातात. दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात." त्या थोडं हसल्या. "तुम्ही दोघांनी मिळून मला आत ठेवलंत. एकट्याचं कुणाचं काम नव्हतं ते."

चौबळ चहा घेऊन आले. तीन कप होते. एक त्यांनी बायकोच्या हातात दिला, एक माझ्यासमोर ठेवला आणि तिसरा घेऊन बसायचं की आत जायचं हे त्यांना कळेना.

"बसा," नलिनीबाई म्हणाल्या.

ते बसले. आम्ही तिघांनी चहा प्यायला. माझ्या मुलीचं नाव त्यांनी विचारलं, ती कितवीत आहे ते विचारलं. मी सांगितलं. त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती, त्यावर थोडं बोलणं झालं. निघताना नलिनीबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गरम होता, नुकताच कप ठेवला होता म्हणून.

"पुन्हा याल?"

"येईन," मी म्हटलं.

मी गेले नाही. दर महिन्याला ठरवायचे आणि काहीतरी निघायचं. मुलीची परीक्षा, सासूबाईंचं आजारपण. मग दिवाळीनंतर मी ती नोकरी सोडली आणि एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये पुढच्या टेबलावर लागले. आजही तिथेच आहे. लोक तिथंही ओरडतात. मी ऐकते.

दोन वर्षांनी गांगुर्डे भेटला. म्हणाला, चौबळांनी तो फ्लॅट विकला आणि इंदिरानगरला तळमजल्यावर घर घेतलं. त्यानं पत्ताही सांगितला. रिक्षानं आमच्या लॅबपासून दहा मिनिटं.

एकदा गेले होते, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. फाटकाबाहेरूनच घर दिसत होतं. नलिनीबाई वॉकर घेऊन अंगणातल्या फरशीवर चालत होत्या, एकेक पाऊल मोजून. त्यांच्या मागून दोन हात अंतर ठेवून चौबळ प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन चालत होते, मध्येच दमल्या तर बसायला. त्या थांबल्या की ते थांबायचे. एका टोकाला जाऊन दोघं वळले, तेव्हा मी फाटकापासून बाजूला झाले.

थांबून राहिलेल्या रिक्षावाल्यानं विचारलं, "इथंच यायचं होतं ना ताई?"

"नाही," मी म्हटलं. "परत घ्या."